व्हायकिंग तलवारीची धार

नवव्या-दहाव्या शतकातल्या व्हायकिंग तलवारी आज संग्रहालयांत आहेत, पण गंजलेल्या त्या पात्यांनी वार करून पाहता येत नाही. म्हणून कारागीर त्यांच्या प्रतिकृती घडवतात आणि धार तपासतात. पातं दुधारी, ७० ते ८० सेंटिमीटर लांब. तलवारीचं वजन साधारण एक ते सव्वा किलो. पात्याच्या मधली रुंद पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, हा निव्वळ गैरसमज. तिच्यामुळे वजन घटतं.

परीक्षेसाठी जपानी गवती चटईची गुंडाळी पाण्यात भिजवून खुंटावर उभी रोवतात. तिरका वार नीट बसला की वरचा तुकडा घसरून खाली पडतो. मग काप बघायचा. तो सपाट, गुळगुळीत असेल, तर धार वाराच्या रेषेतच होती. पातं जरा जरी कललं, तर काप वाकडा होतो, काड्या चिरडतात, कधी पातं मध्येच अडकतं. माझ्या मते इथे निम्मी परीक्षा मनगटाची असते.

लोखंडी कड्यांच्या चिलखतावर मात्र असा वार सहसा चालत नाही. आइसलँडच्या सागांमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या कथांमध्ये, उघड्या पायांवरचे वार वारंवार येतात, ते उगीच नाही.