डब्यातली गोटी

दवाखान्यात मूल घेऊन गेलात म्हणजे आपलं सारं लक्ष डॉक्टरांच्या तोंडाकडे लागलेलं असतं. मुलाचं मात्र खोलीभर. अशाच एका दवाखान्यात माझ्या चार वर्षांच्या भाच्यानं खिशातली गोटी टेबलाशेजारच्या पांढऱ्या डब्याच्या भोकात टाकली आणि ती काढायला मागोमाग हात घातला. डबा काठोकाठ भरलेला होता. बोटावर रक्ताचा ठिपका आला.

तो डबा होता वापरलेल्या सुयांचा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असा डबा पांढरा, अर्धपारदर्शक, सुईनं भोक न पडणारा नि न गळणारा लागतो. आणि पाऊण भरला की तो बंद करावा, अशी पद्धत आहे. पाऊणच का? वर जागा मोकळी राहिली तर सुयांची टोकं तोंडापासून दूर राहतात, एवढं साधं कारण.

मग डबा ठेवायचा कुठे? उभ्यानं काम करणाऱ्यासाठी ५२ ते ५६ इंच उंची असावी, असं अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेनं १९९८ साली सुचवलं. म्हणजे सुमारे साडेचार फूट. चालत्या मुलाचा हात तिथं पोचत नाही, हे खरं. पण आपल्याकडे मूल चालतं थोडं आणि कडेवर असतं फार! कडेवरचं मूल नेमकं त्या भोकासमोर येतं. आणि लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत भिंतीला खिळा कुठला? डबा बाकावर, नाहीतर जमिनीवर. तेव्हा तो मुलापासून दूर आहे ना, एवढं पाहा, नसेल तर "सिस्टर, जरा तो डबा पलीकडे सरकवता का?" असं विचारायला संकोचू नका.

आता सुई टोचलीच तर? आईला पहिली ऊर्मी होते ती बोट तोंडात धरून चोखण्याची. तसं करू नका, बोट पिळूही नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि तिथल्या तिथं डॉक्टरांना सांगा. मुलाला रागावलात तर पुढच्या वेळी ते हात पाठीमागे लपवील. काविळीचा 'बी' विषाणू कोरड्या जागीही सात दिवस तग धरतो. म्हणून लशीचं कार्ड दाखवा. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं द्यायची ठरली, तर ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकं बरं.

भाच्याची लस पूर्ण झालेली होती. तरी पुढचे सहा महिने बहिणीनं रक्ततपासणीच्या तारखांवर कॅलेंडरात खुणा करून ठेवल्या होत्या. शेवटचा निकाल चांगला आला, त्या संध्याकाळी स्वारी मला विचारते, "मावशी, माझी गोटी कधी देणार?"