रुग्णाची माहिती आणि मुक्त स्रोत कूटलेखन

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



गतवर्षी ताळेबंदावरील चर्चेत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी एक मार्मिक प्रश्न विचारला होता. रुग्णांची माहिती संगणकावर सुरक्षित ठेवण्यासाठी आपण कूटलेखनाची प्रणाली वापरतो असे अहवालात म्हटले आहे. मात्र त्या सॉफ्टवेअरपोटी खर्चाच्या बाजूस एक रुपयाही दिसत नाही. मग ही सुरक्षितता खरी की केवळ कागदावरची? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमाखर्चातले शून्य आम्हालाही स्वस्थ बसू देत नाही. प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखे नव्हते, म्हणून आज अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने त्यासाठी थोडा अधिक वेळ घेत आहोत.

प्रथम आपल्याकडे कोणती माहिती असते ते पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. पैसेवाला रुग्ण बिल भरतो आणि मोकळा होतो. निर्धन रुग्णाला मात्र आपली गरिबी कागदाने सिद्ध करावी लागते. तहसीलदारांचा दाखला, शिधापत्रिका, ओळखपत्र, कुटुंबाचे उत्पन्न, घरात कमावते किती, हे सारे तो आपल्या हवाली करतो. म्हणजे ज्याच्याकडून आपण सर्वांत कमी पैसे घेतो, त्याच्याकडून सर्वांत जास्त माहिती घेतो. ही गोष्ट आमच्या मनातून कधी जात नाही.

त्यात साखर कारखान्यांच्या हंगामाची भर पडते. बारामती आणि इंदापूर हा पूर्ण उसाचा पट्टा. गाळप सुरू झाले की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात आणि कोप्या घालून राहतात. पती-पत्नी मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. अशा तळावर एखाद्या बाईला क्षयरोग आहे ही बातमी फुटली, तर शेजारच्या कोपीतील माणसे पाणीसुद्धा वेगळे ठेवतात, आणि मुकादम हिशोब मांडू लागतो. मग ती बाई औषध घेण्यासही येईनाशी होते. माहितीची गुप्तता हा शहरी, सुशिक्षित माणसाचा शौक आहे असे कोणी म्हटले की आम्हाला या कोप्या आठवतात. एचआयव्ही तपासणीचे अहवाल आणि गर्भपाताच्या नोंदी यांविषयी तर अधिक बोलण्याची गरज नाही. या नोंदींची गुप्तता कायद्यानेच बंधनकारक आहे. एचआयव्हीसंबंधीचा स्वतंत्र कायदा २०१७ साली संमत होऊन सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला.

पूर्वी प्रश्न सोपा होता. केसपेपरांचे गठ्ठे फडक्यात बांधून अभिलेख कक्षात रचलेले असत, दाराला कुलूप असे आणि किल्ली एका माणसाच्या कमरेला. चोराने नेले तरी तो किती कागद नेणार? आज दहा वर्षांचे केसपेपर नखाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावतात आणि तो पेन ड्राइव्ह बारामतीहून इंदापूरच्या केंद्राकडे एसटीने प्रवास करतो. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका रोगनिदान प्रयोगशाळेचे चाळीस हजारांहून अधिक अहवाल महाजालावर कोणालाही वाचता येतील अशा स्थितीत आढळले. त्यांत एचआयव्हीचेही अहवाल होते. कुलूप फोडण्याची गरजच पडली नव्हती, कारण कुलूप नव्हतेच.

कूटलेखन म्हणजे मजकुराला लावलेले कुलूप. किल्ली नसलेल्याला त्यात केवळ निरर्थक अक्षरांचा ढिगारा दिसतो. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत म्लेच्छित विकल्प म्हणून गूढलेखनाची कला गणली आहे. परंतु जुन्या काळी पद्धतच गुप्त ठेवली जाई, आणि ती फुटली की सारे फुटे. १८८३ साली केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने याच्या उलट नियम सांगितला: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुप्त असावी ती किल्ली. आज जगभर वापरात असलेली एईएस ही पद्धत याच नियमाने घडली. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ साली खुली स्पर्धा जाहीर केली, जगातील तज्ज्ञांनी एकमेकांच्या पद्धती फोडण्याचा प्रयत्न केला, आणि २००१ साली डेमन व रायमन या दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत मानक म्हणून स्वीकारली गेली. अर्थात कुलपाचा नकाशा सर्वांसमोर आहे. तरीही किल्लीवाचून ते उघडत नाही.

आता मुक्त स्रोत प्रणालीकडे वळू. जे सॉफ्टवेअर कसे लिहिले आहे हे कोणालाही वाचता येते, तपासता येते, सुधारता येते आणि वाटता येते, ते मुक्त. याउलट बंद प्रणालीत विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. बंद असलेली प्रत्येक प्रणाली वाईट असते असे आम्ही म्हणणार नाही. पण सनदी लेखापालाला वह्या न दाखविता ‘आमचे हिशोब चोख आहेत’ असे सांगणाऱ्या संस्थेला आपण काय म्हणतो, हे या सभेला ठाऊक आहे.

या वह्या तपासण्याचा लाभ काय होतो, याचे उदाहरण आपण वापरतो त्याच प्रणालीचे आहे. संगणकाची संपूर्ण डिस्क अथवा तिचा एखादा भाग कुलूपबंद करणारी ट्रूक्रिप्ट नावाची प्रणाली २००४ पासून मोफत उपलब्ध होती. तिचे कर्ते अखेरपर्यंत अज्ञात राहिले, आणि मे २०१४ मध्ये त्यांनी एकाएकी काम थांबविले. एखादा विक्रेता असा दुकान बंद करून गेला असता, तर ग्राहकांनी काय करावे? येथे मात्र मूळ लेखन सर्वांच्या हाती होते. काही तज्ज्ञांनी वर्गणी जमवून त्याची तपासणी करविली. २०१५ च्या अहवालात हेतुतः ठेवलेली चोरवाट आढळली नाही. त्याआधीच, २०१३ साली, मुनीर इद्रासी यांनी फ्रान्समध्ये त्याच लेखनावर व्हेराक्रिप्ट ही सुधारित प्रणाली उभी केली होती. सुधारणा काय, तर पासवर्डपासून किल्ली तयार करताना ट्रूक्रिप्ट साध्या डिस्कसाठी फार तर दोन हजार वेळा गणित फिरवीत असे. व्हेराक्रिप्टने ती संख्या पाच लाखांवर नेली. आपल्याला संगणक उघडताना काही क्षण थांबावे लागते. पण पासवर्ड अंदाजाने शोधू पाहणाऱ्या चोराला प्रत्येक अंदाजामागे तितकेच थांबावे लागते, आणि त्याला असे कोट्यवधी अंदाज करावयाचे असतात. २०१६ साली व्हेराक्रिप्टचीही बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झाली. तीत काही गंभीर दोष सापडले, अहवाल जाहीरपणे प्रसिद्ध झाला आणि त्यांतील बहुतेक दोष नव्या आवृत्तीत दूर करण्यात आले. दोष सापडला हे वाचून कोणाचा विश्वास डळमळेल, आमचा वाढला. ज्या लेखापरीक्षण अहवालात एकही आक्षेप नसतो, तो आम्ही दोनदा वाचतो.

काही वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, आमच्या फिरत्या पथकाच्या गाडीतून लॅपटॉपची पिशवी चोरीस गेली. त्या लॅपटॉपमध्ये ऊसतोड कुटुंबांच्या क्षयरोग तपासणीची नावनिशीवार यादी होती, तळाच्या आणि मुकादमाच्या नावासह. फिर्याद दिली गेली. लॅपटॉप मिळाला नाही. डिस्क व्हेराक्रिप्टने कुलूपबंद होती आणि यंत्र पूर्ण बंद केलेले होते, म्हणून चोराच्या हाती पडले ते केवळ यंत्र. यादीची प्रत रुग्णालयात सुरक्षित होती. दुसऱ्या दिवशी पथक ठरल्याप्रमाणे तळावर गेले आणि त्या बायका नेहमीप्रमाणे औषधासाठी आल्या. गतवर्षीच्या शून्याचे मोल कोणी विचारले, तर आम्ही हे सांगू.

पुण्याला रुग्ण पाठविताना त्याचे अहवाल ईमेलने धाडावे लागतात, तेथे ग्नूपीजी ही प्रणाली कामास येते. हिच्यात किल्ल्या दोन असतात. समजण्यास आपल्या दारातील दानपेटी पुरेशी आहे: फटीतून पैसे कोणीही टाकू शकतो, पेटी उघडणे मात्र विश्वस्तांच्याच हाती. तसे, समोरच्या डॉक्टरांची जाहीर किल्ली वापरून पत्र कोणीही बंद करावे. उघडणारी खासगी किल्ली केवळ त्यांच्यापाशी. व्हेर्नर कोख या जर्मन गृहस्थांनी ही प्रणाली लिहिली आणि तिची १.० आवृत्ती सप्टेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती शिकण्यास थोडी किचकट आहे हे मान्य करावयास हवे. पुण्याच्या सर्वच रुग्णालयांत ती वापरणारे डॉक्टर भेटत नाहीत. तेव्हा आम्ही सेव्हनझिप या दुसऱ्या मुक्त प्रणालीने फाइल कुलूपबंद करून पाठवितो आणि पासवर्ड दूरध्वनीवर सांगतो. त्याच ईमेलमध्ये पासवर्ड लिहिणे म्हणजे किल्ली कुलपालाच लटकवून ठेवणे. नव्या कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी हे बजावले जाते.

आता त्या शून्याविषयी. आपल्या रुग्णालयातील मोफत खाट बिनखर्ची नसते. चादरी धुवाव्या लागतात, परिचारिकेचा पगार द्यावा लागतो. तो भार रुग्णाऐवजी दुसरा कोणी उचलतो इतकेच. मुक्त सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्त प्रणालीत हार्टब्लीड नावाचा मोठा दोष उघड झाला. महाजालाचा फार मोठा भाग त्या प्रणालीवर विसंबून होता आणि दोष दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता. तपासण्याची मुभा सर्वांना होती. परंतु प्रत्यक्ष बसून तपासणाऱ्या मूठभर माणसांना पुरेसे वेतन कोणी देत नव्हते. स्वतः कोखही अनेक वर्षे तुटपुंज्या उत्पन्नावर एकट्याने काम ओढीत होते. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांची हकिकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे देणग्यांचा ओघ सुरू झाला. वह्या उघड्या ठेवणे पुरेसे नाही, त्या वाचणारा माणूस पोसावा लागतो, हे धर्मादाय संस्थेला निराळे सांगावयास नको. म्हणून परवान्यांचे जे पैसे वाचतात, त्यांतील काही भाग कर्मचारी प्रशिक्षणासाठी आणि काही भाग या प्रणालींच्या कर्त्यांना देणगी म्हणून ठेवावा असा प्रस्ताव आम्ही विषयपत्रिकेत मांडला आहे. परदेशी देणगीस विश्वस्त कायद्याने आणि आयकर कायद्याने काही अडचण येते किंवा कसे, हे लेखापरीक्षकांचा लेखी अभिप्राय घेऊनच ठरावे.

कूटलेखनाने सर्व भागते असा समज मात्र कृपया करून घेऊ नये. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला. तेथे कुलूप लावले ते चोरांनी, मालकाच्याच माहितीला, आणि कित्येक दिवस देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाचा कारभार हाताने लिहून चालवावा लागला. सुरू असलेल्या संगणकावर डिस्कचे कुलूप उघडेच असते. अशा हल्ल्याला ते अडवू शकत नाही. त्यावर उपाय म्हणजे महाजालाशी न जोडलेली, स्वतंत्र ठेवलेली प्रत. आपली अशी एक प्रत बारामतीत असते आणि दुसरी इंदापूरच्या केंद्रात, दोन्ही कुलूपबंद. दर तिमाहीस त्यांतील एखादी प्रत उघडून, पन्नास केसपेपर यदृच्छेने निवडून मूळ नोंदींशी ताडून पाहिले जातात.

२०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहितीच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. त्याची धास्ती घेऊन काही विक्रेते आमच्याकडे चकरा मारू लागले आहेत. त्यांचे आम्ही ऐकून घेतो आणि चहा देतो.

शेवटचा विषय किल्लीचा, आणि तो या मंडळाच्या अखत्यारीतला आहे. पासवर्ड विसरला तर व्हेराक्रिप्टचे कर्तेही ती डिस्क उघडू शकत नाहीत. तिची सारी ताकद त्यातच आहे आणि धोकाही. येथे आम्ही बँकेच्या तिजोरीचा जुना रिवाज उचलला आहे. मुख्य पासवर्ड दोन भागांत लिहून, दोन स्वतंत्र पाकिटांत, लाखेची मोहोर करून ठेवला आहे. एक पाकीट अध्यक्षांच्या ताब्यात, दुसरे कोषाध्यक्षांच्या. कोणा एकाला, प्रशासकीय अधिकाऱ्यालासुद्धा, एकट्याने पाकिटांवरून डिस्क उघडता येणार नाही. कोषाध्यक्ष येत्या महिन्यात निवृत्त होत आहेत. तेव्हा आजच्या सभेत त्यांच्या जागी ताबेदार नेमावा, दोन्ही पाकिटे सर्वांसमक्ष फोडून पासवर्ड बदलावा, आणि नवी पाकिटे मोहोरबंद झाल्याची नोंद इतिवृत्तात करावी, अशी मंडळास विनंती आहे. लाख, मेणबत्ती आणि नोंदवही आम्ही सोबत आणली आहे.