सत्तर डॉलरचा हापसा

आजचा भाग एका निरोपामुळे करतोय. लातूर जिल्ह्यातल्या एका श्रोत्यांनी लिहिलंय. त्यांची मुलगी सातवीत आहे. कॅनडातल्या एका मुलाने आफ्रिकेत विहीर खोदायला पैसे जमवले, ही गोष्ट तिने शाळेत ऐकली आणि आता तिलाही तेच करायचंय. दिवाळीत आकाशकंदील करून विकले, साडेचार हजार रुपये जमलेत. आजोबा म्हणतात, "आपल्याला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती, अन् ही युगांडाला पैसे पाठवणार!" वडिलांचा प्रश्न असा: "नाही म्हटलं तर पोरीचं मन मोडतं, हो म्हटलं तर पैसे पाण्यात जातील का? काय सांगू तिला?"

आधी ती गोष्ट नीट सांगतो, कारण शाळेत ती बहुतेक अर्धीच सांगतात.

मुलाचं नाव रायन हर्लजॅक. १९९८ साली तो सहा वर्षांचा होता, कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात पहिलीत शिकत होता. बाईंनी वर्गात सांगितलं की आफ्रिकेत मुलांना पाण्यासाठी मैलोन् मैल चालावं लागतं आणि ७० डॉलरमध्ये विहीर होते. पठ्ठ्याने घरी झाडलोट केली, खिडक्या पुसल्या, चार महिने असं करून ७० डॉलर जमवले. ते घेऊन तो आईबरोबर वॉटरकॅन नावाच्या संस्थेत गेला. तिथे कळलं की ७० डॉलरमध्ये फक्त हातपंप येतो. बोअर पाडण्यासकट सगळा खर्च धरला तर २,००० डॉलर लागतात. तो म्हणाला, मग मी अजून कामं करतो. लोकांनी साथ दिली आणि जानेवारी १९९९ मध्ये उत्तर युगांडातल्या अंगोलो प्राथमिक शाळेजवळ बोअर झाली. २००० साली तो स्वतः जाऊन ती पाहून आला. २००१ मध्ये 'रायन्स वेल फाउंडेशन' उभी राहिली. ती आजही चालू आहे आणि तिने हजाराहून जास्त कामं केली आहेत.

मला या गोष्टीतला सगळ्यात कामाचा भाग वाटतो तो ७० आणि २,००० मधला फरक. पंप स्वस्त असतो, महाग असतं ते जमिनीत खाली जाणं. आणि त्याच्याही पुढचा खर्च त्या २,००० मध्येही दिसत नाही. तो म्हणजे पंप चालू ठेवण्याचा.

इथे आजोबांसाठी एक गंमत. युगांडात जो हातपंप सरकारी मानक म्हणून वापरतात, त्याला 'यू टू' म्हणतात. तो म्हणजे आपला 'इंडिया मार्क टू', तुमच्या गावात असतो तोच हापसा. आणि त्याचं मूळ मराठवाड्यात आहे! साठच्या दशकात आपल्याकडे बोअरवर बसवायचे ते बिडाचे पंप मुळात एका घरासाठी केलेले. त्यावर अख्खं गाव हापसायचं, मग तो टिकणार किती? जालन्याला मिशनच्या लोकांनी त्यात सुधारणा करून पोलादी पंप केला, 'जालना पंप'. मग सोलापुरात 'सोलापूर पंप' झाला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने पाहणी केली, तर देशातले सुमारे तीन चतुर्थांश हातपंप बंद! मग सोलापूरचं डिझाइन पायाला धरून इंडिया मार्क टू तयार झाला. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही, म्हणून तो जगभर गेला.

म्हणजे आजोबा, आपली वस्तू तिकडे कधीच पोचली आहे. पोरगी नवीन काही करत नाहीये.

आता टिकण्याचा मुद्दा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रिलीजच्या दिवशी केक कापतात. रात्री तीनला सर्व्हर पडला की उठणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही. हापशाचं तसंच. उद्घाटनाला फोटो, आणि दोन वर्षांनी आतल्या सिलिंडरमधली वायसर झिजली की शुकशुकाट. २००९ मध्ये आफ्रिकेतल्या सहाराच्या दक्षिणेकडच्या वीस देशांची आकडेवारी एकत्र केली गेली. त्यात साधारण दर तीनातला एक हातपंप बंद होता.

कारणं फार साधी आहेत. वायसर स्वस्त असते, पण मार्क टूमध्ये ती बदलायला खालपासून सगळे पाइप वर ओढावे लागतात. चार-पाच माणसं आणि हत्यारं लागतात. मार्क थ्रीमध्ये पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो, तो यासाठीच केला. युगांडात आणखी एक त्रास आहे. काही भागात भूजल आम्लधर्मी असल्यामुळे गॅल्वनाइज्ड पाइप गंजतात, पाणी लालसर येतं, आणि बायका परत जुन्या डबक्याकडे वळतात. बोअर चालू, पंप चालू, तरी उपयोग शून्य.

तर वडिलांना माझं उत्तर असं. नाही म्हणू नका. पैसे पाठवण्याआधी मुलीला संस्थेला एक पत्र लिहायला सांगा. इंग्रजीला तुम्ही मदत करा, प्रश्न तिचे असू द्या. एक, पाच वर्षांपूर्वी केलेल्या बोअरपैकी आज किती चालू आहेत? दोन, पंप बिघडला तर दुरुस्ती कोण करतं, त्याचे पैसे कुठून येतात आणि सुटे भाग कुठे मिळतात? तीन, पाणी तपासलं होतं का, आणि पाइप कसले घातलेत? नीट उत्तर आलं तर खुशाल पाठवा. परदेशी दान बँकेतूनच करायचं, आणि त्यावर ८०जीची सवलत मिळत नाही, हे लक्षात ठेवा. कुणी 'शंभर टक्के चालू' असं लिहिलं तर मी जरा जपून राहीन. 'इतके बंद पडले, त्याचं असं केलं' म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसेल.

आणि आजोबांचा मुद्दाही खरा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, ते ज्यांनी भोगलंय त्यांना तहान म्हणजे काय ते मी पुण्यात बसून शिकवू नये. पण तिकडचं की इकडचं, असं भांडण लावायची गरज नाही. तेच तीन प्रश्न घेऊन आजोबा आणि नातीने आपल्या गावातले हापसे मोजावेत. किती आहेत, किती चालू, बंद कधीपासून? वहीत लिहा आणि यादी ग्रामपंचायतीत द्या, पोच घ्या. त्याला साडेचार हजारातला एक रुपयाही लागत नाही.

संस्थेचं उत्तर आलं, किंवा ग्रामपंचायतीचं आलं, तर मला जरूर कळवा. कुणाचं आधी येतं तेही सांगा. बाकीच्या मंडळींनीही आपापल्या गावचे हापसे मोजून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ते आकडे वाचून दाखवीन. भेटू पुढच्या रविवारी.