तपासणी ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कर्ज झाले, वीजबिल झाले, कापसाचा भाव झाला. आता मी जरा वेगळा विषय घेतो. घरातला कॉम्प्युटर इंटरनेटला लागत नसेल, तर त्याचे नेटवर्क कार्ड चालू आहे की बंद, हे आपले आपण कसे ओळखायचे? मागे बसलेले काही जण हसताहेत. संघटनेच्या बैठकीत हे काय काढले, असे त्यांना वाटत असेल. शेवटपर्यंत ऐका. विषय आपलाच आहे.

डेअरीवर दूध घालता तेव्हा फॅट लावणारा तोच आणि भाव लावणाराही तोच. बाजारात काटा व्यापाऱ्याचा, तोलणारा माणूस त्याचा. आपण इतकी वर्षे भांडतो ते कशासाठी? तपासणी दुसऱ्याच्या हाती गेली, की भावही त्याच्याच हाती जातो, म्हणून. दुरुस्तीच्या दुकानात याहून वेगळे काही घडत नाही.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. पिकविम्याचे अर्ज भरायचे दिवस होते. मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. आमच्या वस्तीवरची दहा-बारा घरे माझ्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरवरच सातबारा काढतात, अर्ज भरतात. नेमके तेव्हाच नेट बंद पडले. मी डबा मोटारसायकलवर बांधला आणि तालुक्याला नेला. दुकानदाराने चालू करून पाहिला आणि म्हणाला, "नेटवर्क कार्ड गेलं. ते मदरबोर्डवरच असतं. बोर्ड बदलावा लागेल, सात हजार." मी उसनवारीच्या विचाराने घरी आलो. डिप्लोमा करणारी भाची सुट्टीला आली होती. तिने टेबलामागे हात घालून वायर ओढली. उंदराने कुरतडलेली होती! दुसरी वायर लावली, नेट चालू. कार्ड धडधाकट होते. दुकानदाराने दुसरी वायर लावून पाहिलीच नव्हती. आणि "लावून बघा" असे म्हणण्याएवढेही ज्ञान मला नव्हते. दुकानदाराला मी लबाड म्हणत नाही. मी अडाणी होतो, म्हणून त्याचा शब्द हाच माझा भाव झाला.

विहिरीवरची मोटर चालू झाली नाही, तर आपण लगेच मोटर वर काढतो का? आधी लाईट आहे का पाहतो. मग तिन्ही फेज, मग फ्यूज, मग स्टार्टर. मोटर सगळ्यात शेवटी. कॉम्प्युटरलाही हीच रीत लावा.

पहिली गोष्ट, मागची खाच पाहा. नेटवर्कची खाच टेलिफोनच्या खाचेसारखीच दिसते, पण तिच्यापेक्षा रुंद असते आणि आत 8 बारीक पिना असतात. जुन्या कॉम्प्युटरला टेलिफोनच्या मॉडेमचीही खाच असते. ती अरुंद असते. तिला नेटवर्क कार्ड समजू नका.

दुसरी गोष्ट, दिवे पाहा. बहुतेक खाचांना बारीक दिवे असतात. वायरची दोन्ही टोके बसलेली असतील आणि कॉम्प्युटर आणि राऊटर दोन्ही चालू असतील, तर एक दिवा लागतो, दुसरा लुकलुकतो. रंग कोणता याला महत्त्व नाही. दिवा नसेल तर वायर बदला. मग राऊटरची दुसरी खाच वापरून बघा. वायर लांबून ओढली असेल तर लक्षात ठेवा, एका सलग तुकड्याची मर्यादा 100 मीटर आहे.

तिसरी गोष्ट, विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स ही ओळ पाहा. तिथे रियलटेक, इंटेल अशा नावाचे कार्ड दिसले, म्हणजे कॉम्प्युटरला ते सापडले आहे. वॅन मिनिपोर्ट अशी नावे दिसतील. ती विंडोजची स्वतःची असतात, ते कार्ड नव्हे. कार्डाच्या नावावर खाली वळलेला छोटा बाण असेल, तर कार्ड कोणीतरी बंद करून ठेवले आहे; तिथेच एनेबल करा. पिवळा त्रिकोण असेल, तर बहुतेक वेळा ड्रायव्हर बिघडलेला असतो. ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम. तो पुन्हा घालता येतो, त्यासाठी बोर्ड बदलावा लागत नाही. कार्डाचे नावच नसेल, तर ते बायॉसमध्ये बंद आहे का, वेगळे कार्ड असेल तर खाचेत नीट बसले आहे का, हे पाहायचे. एवढे करूनही नाव आले नाही, तरच कार्ड गेले असे म्हणायचे.

चौथी गोष्ट. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा आणि आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही 8 अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबा. मीडिया डिस्कनेक्टेड आले, तर कार्ड सापडले आहे, पण वायरीतून काही येत नाही. पत्ता 169.254 ने सुरू झाला, तर कार्ड जोडले गेले आहे, पण राऊटरने त्याला पत्ता दिलेला नाही. पत्ता 192.168 असा असेल आणि डिफॉल्ट गेटवेसमोरही आकडा असेल, तर पी, आय, एन, जी लिहून पुढे तो गेटवेचा आकडा टाका. उत्तर आले, की कार्ड, वायर आणि राऊटर तिन्ही निर्दोष. बिघाड बहुधा पुढच्या लाईनमध्ये आहे. अशा वेळी कंपनीला फोन करायचा, कॉम्प्युटर दुकानात न्यायचा नाही.

काही पोरे 127.0.0.1 या पत्त्याला पिंग करतात आणि "कार्ड ठीक आहे" म्हणतात. तो पत्ता कॉम्प्युटरच्या पोटातल्या पोटातच फिरतो, कार्डापर्यंत पोचतच नाही. त्या उत्तराने कार्डाची परीक्षा होत नाही.

आणखी एक थाप हल्ली ऐकू येते, "विंडोज 10 बंद झालं, म्हणून नेट लागत नाही." मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची मदत थांबवली, हे खरे. त्यामुळे धोका वाढतो, हेही खरे. पण त्या तारखेने कुणाचे नेटवर्क कार्ड मेले नाही.

अर्जाची मुदत दारात उभी असेल, तर दुरुस्ती नंतर करा. मोबाईल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. कॉम्प्युटर मोबाईललाच नेटवर्क कार्ड समजतो. अर्ज भरून पावती काढा, मग निवांत बिघाड शोधा. यात तपासणीही होते: मोबाईलवरून नेट चालले, तर विंडोज ठीक आहे, बिघाड कार्डात किंवा त्याच्या पुढे आहे. आणि कार्ड खरोखर गेले असले, तरी यूएसबीला लावायचे वेगळे कार्ड काहीशे रुपयांत मिळते. फक्त कार्ड गेले म्हणून बोर्ड बदलायची गरज नाही.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की प्लग काढाच, पण नेटची तांब्याची वायरही खाचेतून काढा. बटण बंद करून भागत नाही. त्या वायरीतूनही झटका येतो आणि पहिले कार्ड जळते.

आपण तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागतो. बियाणे आपण निवडू, यंत्र आपण निवडू असे म्हणतो. पण यंत्र घरात आले आणि त्याचे दुखणे काय हे दुसऱ्यानेच सांगायचे, तर ते स्वातंत्र्य अर्धेच. सातबारा, पिकविमा, बाजारभाव आता या वायरीतून येतात. ही वायर तुटली, तर कुठे तुटली हे आपल्याला कळले पाहिजे.

म्हणून माझी एकच सूचना आहे. प्रत्येक गावातून एक मुलगा किंवा एक मुलगी पुढच्या बैठकीला घेऊन या. एक कॉम्प्युटर, एक राऊटर आणि एक चांगली वायर मी आणतो. उंदराने खाल्लेली वायरही आणतो. ती मी जपून ठेवली आहे. अर्ध्या दिवसात हे सगळे हाताने करून शिकता येते. मग दुकानात जरूर जा, कारागिराला त्याच्या कामाचे दाम द्या. पण जाताना बिघाड काय आहे, हे तुम्ही त्याला सांगा.