दहावी झाली, आता पुढे?

मी मुंबईत लालबाग-परळ भागात बचत गटांचं काम बघते. निकालाचे दिवस आले की आमच्या बैठकीत हप्त्यांच्या आधी मुलींचाच विषय निघतो. कुणी म्हणते, पोरगी पास झाली, आता स्थळं बघू. कुणी म्हणते, नापास झाली, आता बास. दोघींनाही मी सांगते, जरा थांबा.

आमचा भाग गिरणी कामगारांचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला, पगार थांबले आणि घरोघरची मुलं कामाला लागली. अशांना रात्रशाळेचा आधार असतो. दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळी वर्गात बसायचं. पण परीक्षा तीच, राज्य मंडळाची. गुणपत्रिकाही तीच.

आमच्या गटातल्या एक ताई घरकाम करत रात्रशाळेतून दहावी झाल्या. शाळेनं काय दिलं, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, इंग्रजी अजून अडखळतं, पण आता कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. शेकडा दोन रुपये महिना हे व्याज ऐकायला कमी वाटतं, पण वर्षाचे चोवीस होतात. दहा हजारांवर चोवीसशे रुपये! हे त्या स्वतः मांडून दाखवतात. आणि कळलं नाही तर पुन्हा विचारायला लाजत नाहीत. मार्क विसरले जातात, पण हे शिक्षण जन्मभर पुरतं.

तुमच्या गावात रात्रशाळा नसेल. तरी वाट बंद नाही. एकदोन विषय राहिले असतील तर पुरवणी परीक्षा असते. शाळाच सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून, घरी अभ्यास करून दहावी-बारावीला बसता येतं. परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असली तरी हा फॉर्म आदल्या वर्षीच भरावा लागतो. म्हणून चौकशी आत्ताच जवळच्या हायस्कुलात करा. बारावीनंतर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते सुरू झालं. घर, शेत, मजुरी सांभाळून तिथून पदवी घेता येते. हाताचं काम शिकायचं असेल तर तालुक्याच्या आयटीआयमध्ये विचारा.

आता एक काम सांगते. पुढच्या बैठकीत वहीचं एक पान काढा. गटातल्या कुणाकुणाच्या लेकी-सुनांची शाळा सुटली, ती नावं लिहा. स्वतःचं नाव लिहायलाही लाजू नका. प्रत्येकीचा शाळा सोडल्याचा दाखला आहे का ते बघा. नसेल तर ज्या शाळेत शिकलात तिथे अर्ज करा. पिठाच्या डब्यात ठेवलेला असेल तर तो काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पुढचं शिक्षण त्याच कागदापासून सुरू होतं.

गट शेळीसाठी कर्ज देतो, शिलाई मशीनसाठी देतो. परीक्षेच्या फीसाठीही द्यावं. बोलून बघा.