होम्सचे दुखणे कोणते?

शेरलॉक होम्स हे नाव मास्तर मंडळींना तरी नवे नाही. भालबा केळकरांनी त्याच्या गोष्टी मराठीत आणल्या, आणि एखाद्या गावच्या वाचनालयात, पुठ्ठा फाटलेली का होईना, त्यांची प्रत अजून सापडते. ज्यांनी त्या वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंडन शहरात बेकर स्ट्रीटवर राहणारा हा खासगी गुप्तहेर. जोड्यावरचा चिखल पाहून माणूस कुठून आला ते ओळखणारा. डॉक्टर वॉटसन हा त्याचा सोबती, आणि बहुतेक गोष्टी सांगतो तो हाच. दोघेही कल्पनेतले. एडिंबरोला वैद्यक शिकलेले आर्थर कॉनन डॉईल यांनी १८८७ साली त्यांना जन्म दिला आणि पुढे १९२७ पर्यंत त्यांच्यावर लहानमोठ्या ६० कथा-कादंबऱ्या लिहिल्या.

पुढे टेलिव्हिजन आला. इंग्लंडातल्या ग्रॅनाडा कंपनीने १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत होम्सच्या गोष्टींचे ४१ भाग दाखवले. होम्स झाले होते जेरेमी ब्रेट नावाचे नट. उंच शरीर, पांढराफटक चेहरा, मागे चापून बसवलेले केस. आता कोचावरून उडी मारतील, आता एकदम मोठ्याने एकच हसू फुटेल, आणि पुढच्या प्रसंगात पाहावे तर डोळे मिटून असे पडलेले, की माणूस जिवंत आहे की नाही अशी शंका यावी. ही मालिका पाहणारे पुष्कळ लोक म्हणतात, ‘अहो, हा नुसता लहरी नव्हे. याला बायपोलर आहे.’

आता हे बायपोलर म्हणजे काय? दोन टोकांचा आजार. मराठीत त्याला द्विध्रुवी विकार म्हणतात. जुन्या पुस्तकांतून उन्माद आणि विषाद अशी जोडी दिसते. एका टोकाला माणूस चढतो. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी थकवा नाही. तोंडाची टकळी चालू, डोक्यात शंभर बेत, हातातला पैसा पाण्यासारखा जातो, आणि ‘जरा थांब’ म्हणणारा शत्रू वाटतो. दुसऱ्या टोकाला तोच माणूस उतरतो. उठवत नाही, खाववत नाही, कशात गोडी नाही, जगण्याचा कंटाळा. मधल्या काळात तो तुमच्याआमच्यासारखा असतो. हे घटकाभराचे चढउतार नव्हेत, बरे का. पुरता उन्माद म्हणायचा तर तो निदान आठवडाभर टिकावा लागतो, सौम्य असेल तर चार दिवस. विषाद निदान दोन आठवडे. सकाळी हसला आणि संध्याकाळी रुसला, त्याला काही बायपोलर म्हणत नाहीत. तसे म्हटले तर घरोघरी रोगी निघतील.

तर होम्सला हे नाव चिकटवणाऱ्यांच्या हाती पुरावा काय? आहे, आणि तो डॉईल यांनीच लिहून ठेवला आहे. पहिल्याच कादंबरीत होम्स आपल्या नव्या सोबत्याला बजावतो, की मी मधूनमधून खिन्न होतो आणि दिवसचे दिवस तोंड उघडत नाही. तेव्हा मला रागावला समजू नका. वॉटसनही नोंद करतो, की कामाची झिंग चढली म्हणजे या माणसाच्या हुरुपाला सीमा नसते, आणि ती ओसरली की तो सकाळपासून रात्रीपर्यंत बैठकीच्या खोलीत कोचावर पडून राहतो, शब्द नाही की हालचाल नाही. १८९० साली आलेल्या दुसऱ्या कादंबरीत तर तो दिवसातून तीनदा कोकेनची सुई टोचून घेताना दिसतो. का? तर काम नाही म्हणून.

सगळ्यांत बळकट पुरावा १८९३ च्या एका कथेत आहे. फ्रान्समधल्या लियाँ शहरी होम्स आजारी पडल्याची तार वॉटसनला येते. दोन महिने रोज पंधरा पंधरा तास त्याने काम केलेले, एकाहून अधिक वेळा तर सलग पाच दिवस. सगळ्या युरोपात त्याचे नाव गाजते आहे, खोलीत अभिनंदनाच्या तारांचा घोट्याएवढा खच पडला आहे, आणि हा गृहस्थ त्या ढिगात काळ्याकुट्ट उदासीनतेने ग्रासलेला. एवढे यश पायाशी लोळत असताना मन असे का बुडावे? हे वाचले म्हणजे बायपोलर म्हणणाऱ्यांची बाजू सहज झटकून टाकता येत नाही.

तरी पण दुसरी बाजू पाहा. होम्सची खिन्नता जाते कशी? जिन्यावर पावले वाजतात, कुणी घाबरलेली बाई किंवा दिवाळे निघालेला सावकार आत येतो, ‘साहेब, वाचवा’ म्हणतो, आणि क्षणापूर्वी मढ्यासारखा पडलेला हा माणूस हात चोळीत उठून बसतो. खऱ्या विषादात बहुधा असे होत नाही. दाराशी लक्ष्मी येऊन उभी राहिली तरी त्या माणसाला उठवत नाही. तेच तर त्याचे दुखणे. दुसरे असे, की उन्मादात बुद्धीचा लगाम सुटतो, नको ते धाडस होते, नको त्या माणसावर विश्वास बसतो. होम्सची बुद्धी मात्र कामाच्या भरात अधिकच धारदार होते. कुणी म्हणेल, त्याचा उन्माद सौम्य जातीचा असेल. असेलही. पण मग मध्ये ते कोकेन येते. त्या सुईने अंगात खोटी तरतरी येते आणि ती उतरली की माणूस गळून पडतो. त्यामुळे कोचावरचे दिवस आजाराच्या खात्यात मांडायचे की व्यसनाच्या, याचा हिशेबच लागत नाही.

माझे मत विचाराल तर कथांमधल्या होम्सला हे नाव द्यायला पुरावा अपुरा आहे. लियाँचा प्रसंग तेवढा बोचत राहतो. पण एवढ्या श्रमानंतर कुणीही कोसळेल. शिवाय उन्माद आणि विषाद यांची मोट बांधून जर्मन डॉक्टर क्रेपेलिन यांनी त्यांना एका आजाराचे नाव दिले ते १८९९ साली, म्हणजे होम्स जन्मल्यावर बारा वर्षांनी. डॉईल यांनी रोगी रंगवला नाही. कामावाचून तगमगणारा बुद्धिमान माणूस रंगवला. मात्र हा आजार स्वतः भोगलेला एखादा वाचक ‘हा आमच्यासारखा आहे’ असे म्हणत असेल तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. त्याला पुस्तकात सोबती सापडला आहे. त्याने तो का सोडावा?

पण श्रोतेहो, पडद्यावरच्या होम्सची हकिकत निराळी आहे. कारण हा आजार खरोखर होता, तो जेरेमी ब्रेट यांना.

१९८५ साली त्यांच्या पत्नी जोन विल्सन कर्करोगाने वारल्या. ब्रेट काम करीत राहिले. १९८६ साली मात्र त्यांचा तोल गेला आणि इस्पितळात दाखल व्हावे लागले. निदान झाले उन्माद-विषादाचे. आता कुणीही म्हणेल, बायको गेली, माणूस खचणारच, त्यात आजार कसला? इथेच आपली गल्लत होते. दुःखाला कारण सापडले म्हणजे आजार नाही, असे ठरत नाही. पाहायचे ते हे, की कारण मागे पडल्यावर, माणसे जवळ आल्यावर, काम हाती आल्यावर मन वर येते का. होम्सचे येते. ब्रेट यांचे तसे येईना. कामही होते, कीर्तीही होती, आणि आजार पुन्हा पुन्हा परत येत राहिला.

त्यांना लिथियम नावाचे औषध दिले गेले. लहानपणच्या सांधेतापाने त्यांचे हृदय आधीच दुबळे झाले होते, वर सिगारेट भरपूर. अंगात पाणी साचू लागले. मालिकेचे शेवटचे भाग पाहिले तर चेहरा सुजलेला दिसतो, श्वास जड झालेला कळतो. घरी बसून पाहणाऱ्याला काय वाटणार? होम्स लठ्ठ झाला, दुसरे काय! १९९४ च्या एका भागात तर होम्सचे काम त्याच्या भावाच्या पात्राकडे द्यावे लागले, कारण ब्रेट इस्पितळात होते. १२ सप्टेंबर १९९५ रोजी हृदय बंद पडून ते गेले, वय ६१. त्याच वर्षी या आजाराच्या रोग्यांसाठी झटणाऱ्या संस्थेकरिता त्यांनी रेडिओवरून आवाहन केले होते.

म्हणून ती मालिका पाहून ‘होम्सला बायपोलर आहे’ असे जे म्हणतात त्यांना मी विचारतो, तुम्ही नेमके कुणाला पाहिलेत? त्या उड्या, ते हसू, ते निपचित पडणे ही ब्रेट यांची नटाची कमाई आहे. निदान झाले १९८६ साली. त्या उड्या १९८४ पासूनच्या आहेत. आजार कुणाला नट करीत नाही. उलट आजाराने घेतलेल्या दिवसांत ते उभे राहू शकले नाहीत, आणि भावाच्या पात्राला पुढे यावे लागले. ‘वेडाशिवाय प्रतिभा नाही’ असे म्हणण्याची एक फॅशन आहे. ऐकायला गोड लागते, पण ते ऐकून एखादा रोगी गोळ्या फेकून देतो, त्याचे काय?

आता आपल्या गावाकडे येऊ. जगात या आजाराचे सुमारे ४ कोटी लोक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा हिशेब सांगतो. म्हणजे हे काही लंडनचे दुखणे नाही. समजा, अकरावी-बारावीतला एक हुशार मुलगा आहे. एकाएकी तो रात्ररात्र जागू लागतो, वह्यांमागून वह्या भरतो, गुरुजींना शिकवू लागतो, उधारीवर मोबाइल आणतो. घरचे म्हणतात, ‘पोराला अभ्यासाचं वेड लागलंय, चांगलं आहे की!’ महिन्या-दोन महिन्यांनी तोच पोर गोधडीतून तोंड बाहेर काढीत नाही. मग कुणी म्हणते आळशी, कुणी म्हणते बाहेरची बाधा, आणि देवऋषाकडे लिंबू-नारळ जातो. हा आजार पुष्कळदा याच वयात, पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान डोके वर काढतो. त्यामुळे आईबापांच्या आधी तो दिसतो शिक्षकांना.

गुरुजींनो, बाईंनो, तुम्ही रोगाचे नाव ठेवू नका. ते डॉक्टरांचे काम, आणि एकदा वर्गात नाव पडले की ते पोराला गावभर चिकटते. तुम्ही फक्त वॉटसनसारखे टिपून ठेवा. झोप किती दिवस उडाली होती? बोलणे कधीपासून वाढले? पैसा कुठे गेला? पडून राहणे कोणत्या आठवड्यात सुरू झाले? मित्र आल्यावर, सहल निघाल्यावर तो उठला का? मरणाचे बोलणे निघाले असेल तर मात्र टिपत बसू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी हालचाल करा.

एक गोष्ट फार वेळा राहून जाते. घरचे लोक रोग्याला डॉक्टरकडे नेतात ते तो उतरलेला असताना. रडतो, जेवत नाही, एवढेच सांगतात. त्याआधीचे चढलेले दिवस सांगतच नाहीत, कारण ते त्यांना बरे दिवस वाटलेले असतात. डॉक्टर मग नुसत्या उदासीनतेचे औषध देतात, आणि या आजारात तेवढेच औषध दिले तर माणूस एकदम दुसऱ्या टोकाला चढण्याचा धोका असतो. म्हणून हसरे दिवसही सांगायचे. तेच आधी सांगायचे.

औषधे आहेत. लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली दाखवला आणि ते आजही वापरात आहे. त्याला सांभाळावे मात्र लागते. ठरल्या वेळी रक्त तपासायचे, मूत्रपिंड आणि गळ्यातली थायरॉइड ग्रंथी यांच्यावर लक्ष ठेवायचे. आपल्याकडे आणखी एक. भर उन्हात ऊसतोडीला किंवा कांदे काढायला गेलेल्या माणसाचा घाम फार जातो, किंवा जुलाब-उलट्या होतात, तेव्हा लिथियम रक्तात वाढू शकते. हात फार कापू लागले, चालताना तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले तर वाट न पाहता डॉक्टर गाठायचे. आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत.

ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेवढे लांब जाण्याआधी जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांची बाह्यरुग्ण तपासणी कोणत्या वारी असते ते विचारा. तेही जमत नसेल तर फोन उचला. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ सालापासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, पैसे न मोजता, मराठीतून बोलता येते. फोन रोग्यानेच करावा असे नाही. भावाने, बायकोने, शेजाऱ्याने, मास्तरांनी केला तरी चालतो. टिपून ठेवलेला कागद तेवढा जवळ असू द्या.