विद्यार्थ्यांचा अभ्यास आणि घरातील वडीलधारी मंडळी

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी मुलांच्या अभ्यासाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. बोलणे मुलांविषयीचे असले, तरी ते मनावर वडीलधाऱ्यांनी घ्यावयाचे आहे, ही आमची पहिली विनंती.

आपली भिवंडी यंत्रमागांची. ताण्याचा धागा तुटला, तर जाणता कारागीर माग थांबवितो, गाठ मारतो आणि मगच पुढे विणतो. एरव्ही कापडात दोष राहतो. अभ्यासात लक्ष हाच ताणा होय. घडोघडी मोबाईल वाजला की हा धागा तुटतो आणि मूल गाठ न मारताच पाने उलटीत राहते. पुस्तक संपते, विद्या मात्र अंगी मुरत नाही.

मग मोबाईल टाकूनच द्यावा काय? तसे म्हणणे योग्य होणार नाही. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्यांच्या घरी हे यंत्र होते त्यांची शाळा त्यातूनच चालली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरील पूरक पाठ पाहता येतात. साधन उपयोगी आहे. त्याची वेळ ठरलेली नाही, हीच खरी अडचण.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने या अडचणीवर काढलेली तोड ऐकण्यासारखी आहे. शाळा पुन्हा उघडल्यावर मुलांचे मन पुस्तकात रमेना, हे शिक्षकांच्या ध्यानी आले. 2022 साली गावातील स्त्रियांच्या सभेत विचार झाला आणि सायंकाळी सात वाजता देवळावरून भोंगा वाजू लागला. तो वाजताच घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद करावयाचे, आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत मुलांनी अभ्यास करावयाचा, असा नियम झाला. अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन लोकांची समजूत घालीत.

यातील मर्म भोंग्यात नाही; नियम थोरामोठ्यांसही लागू होता, यात आहे. बाप मोबाईलवर चित्रफिती पाहत असता मुलाने पुस्तकात डोके घालावे, ही अपेक्षा व्यर्थ होय. सायंप्रार्थनेस घरातील सर्व मंडळी एकत्र गुडघे टेकतात, म्हणूनच लेकरांस ती सवय लागते. अभ्यासाचेही तसेच आहे.

आता त्या दीड तासात करावे काय? तोच धडा पुनःपुन्हा वाचला की तो आला असे वाटते. पण हा भास असतो. रोडिगर व कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु आठवड्यानंतर, मजकूर बाजूस ठेवून आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात अधिक राहिले होते. म्हणून मुलाने धडा वाचावा, पुस्तक मिटावे आणि आठवेल ते वहीत लिहावे. जे आठवले नाही, तेवढेच पुन्हा पाहावे. दोन दिवसांनी आणि आठवड्याने हेच पुन्हा करावे. मोबाईलवरील पाठ पाहावयाचा असेल तर तो आधी पाहावा आणि मग मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा कपाटात ठेवावा.

कित्येक माता म्हणतात, "आम्हांस इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकविणार?" मातांनो, शिकवू नका, केवळ ऐका. "आज काय शिकलास, ते मला सांग," एवढे विचारा. आईस समजेल असे सांगताना मुलास स्वतःसच धडा उमगतो. या कामी अक्षरओळखही लागत नाही.

राहिला जागेचा प्रश्न. एका खोलीत पाच-सहा माणसे, आणि त्यांतच कोणी रात्रपाळीस जाण्यापूर्वी निजलेला, अशी घरे आपल्यात आहेत. त्या मुलांसाठी सभागृहाचे दार रोज सायंकाळी दीड तास उघडे ठेवता येईल काय? देखरेखीस आळीपाळीने दोन वडीलधारी पुरेत. ज्युबिलीचा उत्सव लवकरच सरेल. हे दार उघडे राहिले, तर ज्युबिलीची खरी आठवण तीच ठरेल.